आधी तार चढव

सांगली, आषाढ

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

काल तू सोलापुरी चादरीत गुंडाळून तुझ्या गिटारची ती बॉडी आणलीस, सोफ्यावर ठेवलीस आणि मोबाइल काढून रंगांचे फोटो दाखवायला लागलीस. सनबर्स्ट, फिकट गुलाबी, आरपार निळा. तासाभरात रंगाबद्दल चौदा प्रश्न. तारेबद्दल एकही नाही. निघताना चपला घालता घालता म्हणालीस, "काका, एकदा रंग झाला ना, की मन लागेल. मग बाकीचं पटकन होईल."

त्या वाक्यानं मला रात्री झोप लागली नाही. कारण ते माझं वाक्य आहे. १९९६ साली मी हेच बोललो होतो, शब्दसुद्धा फारसे वेगळे नव्हते. फोनवर सांगितलं असतं तर आवाज चढला असता, म्हणून लिहितोय.

काम चांगलं झालंय हे तुला दिसतंय, त्यावर कागद खर्च करत नाही. एवढंच सांगतो की तुझ्या खाचेत नेक (गिटारची दांडी) इतका घट्ट बसलाय की स्क्रू नसतानाही बॉडी त्याच्याबरोबर उचलली जाते. मला हे पहिल्या गिटारला जमलं नव्हतं. आता पुढचं ऐक. आधी तार चढव. रंगाच्या आधी, रंगाखालच्या सीलरच्या आधी, त्या कोऱ्या तूनच्या लाकडावर. मग काय तो रंग.

माझ्या भिंतीवरची लाल गिटार तू पाहिलीस. ब्रिजच्या (बॉडीवरच्या ज्या पट्टीवर तारा टेकतात तिच्या) पुढे रंगात दोन लाकडी चंद्रकोरी आहेत, त्यांच्यावर बोट फिरवलंस आणि काही विचारलं नाहीस. भिडस्त आहेस. तर ऐक. आजोळच्या वाड्याची सागवानी चौकट निघाली होती, त्यातून ती कापली. मावसभावासाठी. तो ऑर्केस्ट्रात वाजवायचा, गणपतीचे दहा दिवस त्याला श्वास घ्यायला फुरसत नसायची, आणि गिटार मात्र दरवेळी कुणाची तरी मागून आणलेली. म्हटलं, आपण करून देऊ. बॉडी झाली, नेक झाला, ब्रिजची भोकं पाडली आणि तार न चढवताच मोटारसायकली रंगवणाऱ्या एका ओळखीच्याकडे दिली. डुको रंगाचे नऊ हात. हात, वॉटर पेपर, पुन्हा हात, शेवटी कंपाउंड. अशी चकाकली की शेजारणी तिच्यात बघून कुंकू नीट करायच्या.

मग तारा चढवल्या. मोकळ्या तारा सुरात. पहिले दोन-तीन पडदे (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ठीक. पुढे जावं तसा सूर चढत जाणारा, बाराव्यावर तर कानाला टोचणारा. ब्रिजचं अंतर मोजताना टेप नटच्या (खुंट्यांजवळच्या ज्या पट्टीवरून तारा जातात तिच्या) आतल्या कडेला लावायचा, तो मी खुंट्यांकडच्या कडेला लावला होता. चार मिलिमीटर तिथे गेले. शिवाय ब्रिजवर तारा पेलणाऱ्या सॅडलना मागे सरकायला जागा ठेवायची असते, ती ठेवलीच नव्हती.

उपाय एका संध्याकाळचा होता. दोन भोकं सागाच्या बुचांनी बुजवायची आणि सात मिलिमीटर मागे नवी पाडायची. कोऱ्या लाकडावर मी ते शीळ घालत केलं असतं. त्या नऊ हातांच्या लाल रंगात ड्रिल घालायला मात्र हात धजेना. उद्या, पुढच्या रविवारी, दिवाळीनंतर. अकरा वर्षं ती भिंतीवर होती. कोणी वाजवायला मागितली तर सांगायचो, तार तुटलीय. मावसभाऊ दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी त्यानं विषयही काढला नाही, चहा पिता पिता तिच्याकडे बघत बसला आणि गेला. पुढे मस्कतला नोकरी लागली. २००७ मध्ये तो सुट्टीवर येतोय असं कळलं तेव्हा आदल्या रात्री मी भोकं पाडली. त्या चंद्रकोरी म्हणजे जुन्या भोकांची बुचं. त्यानं दहा मिनिटं वाजवली. "बरी आहे की रे," म्हणाला, आणि मुलाला घेऊन बाजारात गेला.

मोजमाप कुणाचंही चुकतं. कोऱ्या लाकडावरची चूक दुरुस्त होते, रंगाखालची चूक जपली जाते. म्हणून म्हणतो, आधी तार चढव.

तू म्हणशील, मिरजेत सतारी करताना तर उलटं चालतं. आधी लाखेचं पॉलिश, नक्षी, आणि जवारी (तार झणझणावी म्हणून घोडी घासणं) अगदी शेवटी. खरं आहे, त्या गल्लीत मी कितीतरी दुपारी घालवल्यात. पण सतारीचे पडदे दांडीला दोऱ्यानं बांधलेले असतात. सूर हलला तर पडदा बोटानं सरकवायचा. जवारी काढताना कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा कानस. शेवटपर्यंत वाद्याला विचारत राहायची सोय त्या वाद्यातच आहे. गिटारचे पडदे ठोकलेले, ब्रिज आवळलेला. आणि तिथले हात कोणाचे? शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी तंबोरे घडवायला घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं. त्यांचं अंतर हातात बसलंय. तुझी पहिलीच आहे बाई. (गंमत बघ, तारेची जी झणझण यावी म्हणून मिरजेत माणसं जन्म घालवतात, तीच गिटारवर आली की आपण पडदे घासायला बसतो.)

आता काय करायचं ते. नेक स्क्रूनं आवळ. तो तयार विकत घेतलास हे सांगताना काल तू मान खाली घातलीस, त्याची काही गरज नाही. पण पाकिटावर तारेची लांबी ६४८ मिलिमीटर छापलीय म्हणून तीच खरी धरू नकोस. नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या पडद्याच्या माथ्यापर्यंत मोज आणि दुप्पट कर. ३२४ भरले तर ६४८. स्टीलची पट्टी वापर. टेपचं टोक हलतं. सगळ्यात पातळ तारेचा सॅडल जवळजवळ पुढे आणून ६४८ वर ठेव, म्हणजे बाकीच्यांना मागे जायला जागा राहील. जाड तार चार-पाच मिलिमीटर मागे जाईल. घाबरू नकोस, जाड तारेला तेवढं लागतं. भोकं पाडायच्या आधी नटपासून ब्रिजपर्यंत दोन्ही कडांना शिवणाचा दोरा ताण आणि बघ, नेकच्या दोन्ही बाजूंना सारखी जागा सुटते का. एका बाजूला तार पडद्यावरून घसरत असेल तर तो दोरा आत्ताच सांगेल.

मग तारा. नवा सेट उघडू नकोस, ०९ चा (पातळ तारांचा) एक वापरलेला माझ्या खणात आहे. सहाही तारा सुरात आल्या की नेकवर अडतीस-एकोणचाळीस किलोचा ताण येतो, जुन्या हिशेबानं जवळपास एक मण. आठ महिने तू जी वस्तू घासत बसली आहेस ती त्या मणभर ओझ्याखाली पहिल्यांदा गिटार होईल. तोवर ते फर्निचर. तुझे वडील चेष्टेनं म्हणतात ते चूक नाही.

ताण आला की नेक किंचित पुढे वाकतो. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धर आणि सातव्या-आठव्यापाशी तिच्याखाली किती फट राहते बघ. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. गॅरेजवाल्याकडून फट मोजायचं फीलर गेज आण. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पाव आटा आवळ आणि थांब. एका वेळी पावच. कुठला पडदा झणझणतो ते लिहून ठेव. मग तारा काढ, नेक सरळ कर, पडद्यांच्या माथ्यावर मार्कर फिरव आणि सपाट पट्टीला पेपर चिकटवून अगदी हलक्या हातानं लांबीच्या दिशेनं घास. ज्याची शाई आधी जाईल तो उंच. सगळ्यांच्या माथ्यावरची शाई गेली की थांब. इथे हौस नडते. शेवटी स्टील वुल फिरवशील तेव्हा तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपवर टेप लाव. मॅग्नेटला चिकटलेली लोखंडाची लव वर्षभर निघत नाही, हेही अनुभवाचे बोल.

जॅक (वायर खुपसायची जागा) लावलास की गुणगुण येईल, आपल्या घरातल्या विजेची, ५० हर्ट्‌झची. तारेला हात लावल्यावर ती दबली तर अर्थिंग ब्रिजपर्यंत पोचलंय. हात लावल्यावर उलट वाढली तर जॅकच्या दोन वायरी अदलाबदल झाल्यात. आणि ब्रिजपासून पॉटच्या (आवाजाच्या बटणाच्या) खळग्यापर्यंत त्या अर्थच्या वायरीसाठी भोक लागतं, ते तू पाडलेलंच नाहीस! काल बॉडी पालथी करून मी पहिलं तेच पाहिलं. तू गुलाबी रंगाबद्दल बोलत होतीस.

क्वीन बँडचा गिटारवाला ब्रायन मे, त्याची गोष्ट तू मला दहादा ऐकवली आहेस. वडिलांच्या मदतीनं १९६३ च्या ऑगस्टमध्ये घरी गिटार करायला घेतली, दोनेक वर्षं लागली, नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या महोगनीचा, सूर हलवणाऱ्या ट्रेमोलोला पँथर मोटारसायकलच्या स्प्रिंगा, नेकवरच्या ठिपक्यांना आईच्या डब्यातली शिंपल्याची बटनं. (त्याच्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, हे तू सांगितलंस त्या रात्री मी तिघांना फोन केले होते.) तुझ्या गोष्टीत एक तुकडा मात्र गळतो. पिकअपही त्यानं घरीच केले होते, आणि ते चांगले वाजायचे. फक्त तार पडद्यावर आडवी खेचली की विचित्र आवाज यायचा. मग त्यानं बर्न्स कंपनीचे विकतचे बसवले. तार खेचल्याशिवाय हा दोष कुणाला कळला असता? नकाशात दिसतो का? रंगात दिसतो का?

आणि "मला अजून नीट वाजवता कुठे येतं" हे कारण माझ्यापुढे आणू नकोस. इलेक्ट्रिक गिटारी करणाऱ्या लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. तो केलेली वस्तू वाजवणाऱ्यांच्या हातात द्यायचा आणि त्यांच्या तक्रारी ऐकून घ्यायचा. तुझ्या कॉलेजात वाजवणारे चार जण आहेत. कोरी असतानाच दे त्यांच्या हातात, आठ दिवस. हाताचे डाग पडतील, पडू देत. ३२० च्या पेपरनं जातात.

रंगाचं दोन ओळींत संपवतो, कारण त्याची वेळ आलेली नाही. या हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारलंस तर दमटपणानं पांढुरका धूर बसेल. दसऱ्यानंतर बघू. तूनची छिद्रं उघडी असतात, आधी फिलर लागेल. आणि आरपार निळा विसर. लाकूड मुळात तांबूस, त्यावर निळा मळकट दिसतो. खात्री नसेल तर उरलेल्या तुकड्यावर मारून बघ.

तुझी काकू म्हणते, आता रिटायर झालात, ती लाल गिटार पुन्हा रंगवून घ्या, त्या चंद्रकोरी बऱ्या दिसत नाहीत. मी नाही रंगवणार. लोकांना तो आळस वाटतो. आळशी माणूस त्यानंतर तीन गिटारी करेल का? तिन्ही आधी कोऱ्या वाजवल्या. एकीचं सगळं तीनदा खोललं, पण वाजल्याशिवाय तिला सीलरचा थेंब लावला नाही. त्यातल्या दोन रंगल्याच नाहीत, हे खरं आहे. पण त्या वाजतात. घरात असंही बोललं जातं की मी मावसभावाला फसवलं. फसवलं कसं? सांगितलं नाही, इतकंच. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "पाड की भोकं, मला काय रंग वाजवायचाय?" हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच तर सांगितलं नाही.

असो. तुझ्या बॉडीवर अजून रंगाचा एक थेंब नाही. माझ्याकडे १९९६ साली त्या दिवशी जे होतं तेच आज तुझ्या सोलापुरी चादरीत आहे. हेवा वाटला मला काल, म्हणून चहा देतानाही नीट बोललो नाही. राग मानू नकोस.

रविवारी दुपारी ये. मोबाइलमधले फोटो राहू देत. तारा चढवून आणलीस तर आपण दोघं मिळून सूर जुळवू. न चढवता आलीस तर चहा मिळेल, बाकी काही नाही.

तुझा,
काका

ता. क. अर्थच्या भोकासाठी माझं ड्रिल घेऊन जा, ३ मिलिमीटरचं लांब बिट लावून ठेवलंय. ब्रिजखालून खळग्याच्या दिशेनं तिरपं धर आणि बिटवर टेपची खूण कर, नाहीतर मागच्या बाजूनं बाहेर पडेल. पडलंच तर पडू दे. लाकूड कोरं आहे.