वाचकांचे प्रश्न : बाससाठी गळ निवडताना

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ राहतो आणि सुट्टीच्या दिवशी लेक फोर्क तळ्यावर लार्जमाउथ बास (गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा मासा) पकडायला जातो. हायड्रिलाच्या दाट गवतात टेक्सास रिग (दोरीवर वजन आणि टोक आमिषात दडवलेला गळ) लावून पाच इंची स्टिकवर्म, म्हणजे काडीसारखे मऊ प्लास्टिकचे आमिष, टाकतो. रिळावर 50 पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आहे आणि रॉड हेवी आहे. गेल्या महिन्यात एक मोठा मासा लागला, पण नावेजवळ येताच सुटला. पाहतो तर 3/0 चा वाइड गॅप गळ (टोक आणि दांडी यांतली जागा, म्हणजे गॅप, रुंद असलेला) जवळजवळ सरळ झालेला. त्याआधी काही मासे हिसका देताक्षणीच सुटले होते, मात्र त्या वेळी गळ शाबूत होते. दुकानात मिळणारे सर्वांत जाड तारेचे गळ घ्यावेत का?
– एक वाचक, टेक्सास

उत्तर : आपल्या पत्रात खरे तर दोन तक्रारी आहेत. त्यांची कारणे वेगळी असल्यामुळे दोन्हींवर जाड तार हा एकच उपाय चालणार नाही. गळ सरळ होणे हा तारेच्या ताकदीचा प्रश्न आहे, तर गळ शाबूत राहून मासा सुटणे हा बहुतेक वेळा गॅपचा किंवा टोकाच्या धारेचा प्रश्न असतो. माझ्या मते सॉफ्ट प्लास्टिकवर, म्हणजे मऊ प्लास्टिकच्या आमिषांवर, मासे हातचे जाण्यामागे कमकुवत पोलादापेक्षा अपुरी गॅप हेच कारण अधिक वेळा असते. पण सरळ झालेला गळ डोळ्यांना दिसतो आणि अपुरी गॅप दिसत नाही, म्हणून दोष नेहमी तारेच्या माथी मारला जातो.

आधी सरळ झालेल्या गळाविषयी. चांगले गळ हाय-कार्बन पोलादाच्या तारेचे असतात. तार वाकवून, टोक काढून झाल्यावर गळ तापवून कडक करतात आणि मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. हा मेळ बिघडला की एकतर गळ काचेसारखा तुटतो किंवा हळूहळू उघडत जातो. जड कामाच्या अनेक गळांत वाकाजवळची गोल तार दोन्ही बाजूंनी दाबून चपटी केलेली असते. बोटांनी चाचपले तरी हा चपटेपणा कळतो आणि तेवढ्याच जाडीच्या गोल तारेपेक्षा असा वाक उघडायला जास्त जोर लागतो. पाकिटावर लिहिलेल्या 2एक्स, 3एक्स या आकड्यांचा ढोबळ अर्थ असा, की तार दोन किंवा तीन आकार मोठ्या गळाइतकी जाड आहे. मात्र हे माप सर्व कंपन्यांनी सारखे पाळलेले नाही. 3/0, 4/0 या आकारांचेही तेच आहे. शून्यापुढच्या या श्रेणीत आकडा वाढेल तसा गळ मोठा होतो एवढे खरे, परंतु जपानच्या गामाकात्सूचा 4/0, ओनरचा 4/0 आणि नॉर्वेच्या मस्टॅडचा 4/0 शेजारी ठेवले तर लांबी, गॅप आणि तार यांत फरक दिसू शकतो. म्हणून पाकिटावरच्या आकड्यापेक्षा हातातल्या गळावर विश्वास ठेवावा.

आपली तार आणि आपली दोरी यांची जोडी मात्र जमलेली नाही. ब्रेड जवळजवळ ताणली जात नाही, आणि हेवी रॉडही फारसा वाकत नाही. त्यामुळे आपल्या हिसक्याचा आणि माशाच्या धडपडीचा जवळजवळ सगळा भार थेट गळावर येतो. फ्लुरोकार्बन किंवा साधा नायलॉनचा तंगूस असता, तर ताण घेऊन त्याने तो भार थोडा सैल केला असता. अशा न ताणल्या जाणाऱ्या दोरीसाठी जाड तारेचे वेगळे गळ मिळतात आणि पाकिटावर बहुधा 'सुपरलाइन' किंवा 'हेवी वायर' असे छापलेले असते. आपल्याला तेच घ्यावे लागतील. याच्या उलट, स्पिनिंग रॉडवर आठ-दहा पौंडी दोरी वापरणाऱ्याने असे गळ घेतले तर त्याची फसगत होईल, कारण जाड तार माशाच्या तोंडात घुसवण्याइतका जोर त्या सामानात नसतो. नेड रिग आणि ड्रॉप शॉट या हलक्या सामानाच्या रिगसाठी बारीक तारेचे लहान गळ वापरतात ते याचसाठी. गळाची मजबुती अशी रॉड आणि दोरी यांच्या हिशेबातच मोजायची असते.

येथे एक बारकावा सांगितलाच पाहिजे. एकच गळ एकदा मोठा मासा सहज आणतो आणि दुसऱ्या वेळी लहान माशावर उघडतो, याचे कारण गळ किती खोल रुतला यात असते. वाकापर्यंत पुरता घुसलेल्या गळावर ओढ वाकाच्या मुळाशी, दांडीच्या रेषेत पडते आणि तार ती सोसते. पण केवळ टोक हाडात अडकून राहिले आणि उलटा काटाही आत गेला नाही, तर सगळी ओढ टोकावर येते आणि लांब पहारीने दगड उचकटावा तसा वाक उघडत जातो. आपला मासा नावेपर्यंत आला आणि मग सुटला, त्यावरून हेच घडले असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणजे ज्या गळाला आपण कमकुवत म्हणत आहात तो कदाचित पुरता रुतलाच नव्हता, आणि तो का रुतला नाही याचे उत्तर आपल्या दुसऱ्या तक्रारीत आहे.

पाच इंची स्टिकवर्म दिसायला सडपातळ असला तरी मिठाने भरलेला आणि जाड असतो. टेक्सास रिगमध्ये गळाचे टोक प्लास्टिकच्या आत दडवलेले असते, म्हणजे हिसका दिल्यावर टोकाला आधी प्लास्टिक फाडून बाहेर यावे लागते. त्याच क्षणी माशाच्या जबड्यात दाबलेला वर्म दांडीवरून खाली घसरतो आणि वाकाशी त्याचा गोळा होतो. तो गोळा गॅप भरून टाकतो, टोकाला पुढे सरकायला जागा उरत नाही आणि मासा तोंड उघडून आमिष थुंकतो. घरी वर्म गळावर चढवून अंगठ्याने त्याला वाकाकडे ढकलून पाहावे. असा गोळा झाल्यावरही टोक आणि प्लास्टिक यांच्यामध्ये वर्मच्या जाडीएवढी तरी जागा मोकळी दिसली पाहिजे. आपला 3/0 या चाचणीत जेमतेम असेल, तर त्याच नमुन्याचा 4/0 घ्यावा.

एवढ्या एका चाचणीवर बहुतेक आमिषांचे आकार ठरतात. चार इंची बारीक वर्मला 1/0 किंवा 2/0 पुरतो, सात इंची रिबनटेलला (फितीसारख्या शेपटीच्या वर्मला) 3/0 ते 4/0 लागतो, दहा इंचीला 5/0, तर जाड अंगाच्या, पाय-नांग्या असलेल्या क्रीचर आमिषाला लांबी चारच इंच असली तरी 4/0 द्यावा लागतो. बारीक आमिषावर मोठा गळही लावू नये, कारण त्याच्या वजनाने आमिष पाण्यात अवघडून पडते.

गळाच्या घडणीबद्दल आपण विचारलेले नाही, तरी तेही पाहावे. एक्स्ट्रा वाइड गॅप गळात जाड प्लास्टिकला भरपूर जागा असते, परंतु त्याचे टोक नेढ्याच्या रेषेकडे वळलेले असल्यामुळे ते शिरण्याचा कोन फारसा अनुकूल नसतो. सडपातळ वर्मसाठी गोल वाकाचा ऑफसेट गळ (नेढ्याजवळ दांडीला मोड असलेला) मला अधिक भरवशाचा वाटतो. आणि आपल्यासारखे जे गवताच्या छपरातून वजन खाली सोडून मासेमारी करतात, त्यांनी सरळ दांडीचा, जाड तारेचा, दांडीवर आमिष धरून ठेवणारा काटा असलेला फ्लिपिंग गळ घ्यावा आणि तो स्नेल गाठीने बांधावा. ही गाठ बांधताना दोरी नेढ्यातून टोकाच्या बाजूने घालतात, म्हणजे ओढ बसताच गळाचे टोक बाहेरच्या बाजूला उसळते. वजन नेढ्याशी टेकून राहावे यासाठी दोरीवर रबरी स्टॉपर लावावा. ब्रेड वापरणाऱ्यांनी नेढेही नीट पाहावे. तार वळवून केलेल्या नेढ्यात जिथे टोक दांडीला भिडते तिथे बारीक फट राहिली असेल, तर गाठ सरकून तीत शिरते आणि दोरी कापली जाते किंवा अलगद निसटते. असा गळ पाकिटातून काढतानाच बाजूला टाकावा.

लेक फोर्कवर हा सगळा खटाटोप वाया जात नाही. टेक्सासचा विक्रमी 18.18 पौंडांचा लार्जमाउथ 1992 साली याच तळ्यात मिळाला. प्लास्टिकचा वर्म 1949 मध्ये ओहायोतील अ‍ॅक्रन येथे तयार करणारे निक क्रीम यांनीही पुढे आपला व्यवसाय तिथून जवळच असलेल्या टायलर गावी आणला. या तळ्यावर 16 ते 24 इंच लांबीचा बास पाण्यात परत सोडावा लागतो. त्यामुळे मासा आमिष गिळेपर्यंत वाट न पाहता दोरीतली ढील काढून लगेच हिसका द्यावा. गळ ओठात लागला तर तो काढायला सोपा जातो आणि मासाही धडधाकट परत जातो.

प्रश्न : महागडे गळ बोथट झाल्यावर कानशीने धार लावून पुन्हा वापरता येतात का? पाच-सहा गळांच्या पाकिटाची किंमत पाहता ते टाकून देणे जिवावर येते.
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : धार लावता येते, पण प्रत्येक गळाला नाही. आजच्या बहुतेक चांगल्या गळांचे टोक शेवटी रसायनात बुडवून अणकुचीदार केलेले असते. त्यावर कानस फिरवली की मूळ सुईसारखे टोक जाते, वरचा मुलामा निघतो आणि गंज तेथूनच सुरू होतो. जाड फ्लिपिंग गळाला बारीक कानशीचे दोन-चार हलके हात टोकाच्या दिशेने दिले तर चालते. बारीक तारेच्या गळावर हा प्रयोग करू नये.

धार पाहण्याची रीत जुनीच आहे. टोक अंगठ्याच्या नखावर तिरके ठेवून जोर न देता ओढावे. ते नखात रुतून थांबले तर गळ कामाचा, आणि ओरखडा काढत घसरले तर निकामी समजावा. खडकाळ तळ्यात ही परीक्षा दर थोड्या वेळाने घ्यावी, कारण एका दगडावर घासले तरी टोक मुडपते आणि ते साध्या डोळ्यांना दिसत नाही. एकदा थोडासाही उघडलेला गळ पकडीने पुन्हा वाकवून वापरण्याची काटकसर मात्र करू नये, कारण वाकलेले पोलाद त्या जागी दुबळे झालेले असते.

आणखी एक गोष्ट : मीठ घातलेले प्लास्टिक गळावर तसेच ठेवून रॉड गाडीत टाकला, तर चांगल्यातला चांगला गळही लवकर गंजतो. घरी आल्यावर आमिष उतरवून गळ गोड्या पाण्याने धुऊन वाळवावा. नवीन गळ घेण्याचा निम्मा खर्च त्यानेच वाचेल.

प्रश्न : परदेशातल्या भावाने बासचे ऑफसेट गळ पाठवले आहेत. ते उजनीच्या बॅकवॉटरमध्ये मरळीसाठी चालतील का? आणि कोकणात जिताड्यासाठी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मरळीसाठी अवश्य वापरावेत, पण त्यांतले 4/0 आणि 5/0 जाड तारेचेच निवडावेत. मरळीचे तोंड हाडाळ आणि दातेरी असते. शिवाय ती जलपर्णीखाली आमिष पकडून लगेच आत घुसते, त्यामुळे तिला जोराने बाहेर काढावे लागते. हे काम लेक फोर्कच्या गवतातल्या कामासारखेच असल्याने वर दिलेले गॅपचे आणि ब्रेडचे सर्व नियम तेथे जसेच्या तसे लागू पडतात.

जिताड्याबाबत सावध राहावे. तो खाडीच्या खाऱ्या पाण्यातला मासा आहे आणि बासच्या गळांवरचा काळा मुलामा खाऱ्या पाण्यात फार टिकत नाही. जिताडा जबड्याने गळ चेपून उघडण्याइतका ताकदवान असतो, म्हणून त्याच्यासाठी कथिलाचा मुलामा दिलेले, खाऱ्या पाण्यासाठी म्हणून विकले जाणारे जाड गळच घ्यावेत. त्याच्या कल्ल्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात, तेव्हा गळापुढे जाड तंगुसाचा लीडर (दोरी आणि गळ यांमधला तुकडा) बांधावा आणि गळ काढताना कल्ल्यात बोटे न घालता खालचा ओठ पकडीने धरावा.