टीव्ही कार्ड आणि लिनक्स: घरगुती रेकॉर्डरविषयी वाचकांचे प्रश्न

टीव्ही कार्ड बसवून लिनक्सवर स्वतःचा रेकॉर्डर उभारणाऱ्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही येथे घेतले आहेत. बहुतेकांनी विचारले आहे ते सॉफ्टवेअरविषयी. पण रेकॉर्डर फसतो तो बहुधा अँटेनाच्या तारेमुळे, फर्मवेअरच्या (म्हणजे साधनाच्या चिपमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामच्या) एखाद्या फाइलीमुळे किंवा संगणकाच्या घड्याळामुळे, म्हणून उत्तरांतही या गोष्टींना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न: घरात दोन कोअरचा एक जुना संगणक पडून आहे. रेकॉर्डिंगसाठी तो पुरेल का? आणि कार्ड निवडताना काय पाहावे?

उत्तर: रेकॉर्डिंगसाठी निश्चित पुरेल. डिजिटल प्रसारणात चित्र आणि आवाज प्रसारकाकडूनच एन्कोड, म्हणजे आकुंचित, होऊन येतात. कार्ड ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर ट्यून होऊन सिग्नलमधून १८८ बाइटच्या पॅकेटांची मालिका, म्हणजे ट्रान्सपोर्ट स्ट्रीम, वेगळी काढते आणि संगणकाला त्यातील हव्या त्या वाहिनीची पॅकेटे फक्त डिस्कवर लिहायची असतात. अॅनालॉग काळात तसे नव्हते. बीटी८७८ चिपची कार्डे कच्चे चित्र प्रोसेसरच्या हवाली करत आणि एन्कोडिंगचा सगळा भार त्याच्यावर पडे. म्हणूनच कार्डावरच एमपीईजी-२ एन्कोडर असलेली, आयव्हीटीव्ही ड्रायव्हरवर चालणारी कार्डे त्या वेळी लिनक्सवाल्यांच्या पसंतीची होती. जुन्या संगणकाची खरी परीक्षा कार्यक्रम पाहताना होते. तुमच्याकडील वाहिन्या एचईव्हीसी या चित्र आकुंचनाच्या फॉरमॅटमध्ये येत असतील आणि ग्राफिक्स चिपला तो फॉरमॅट डीकोड करता येत नसेल, तर रेकॉर्डिंग याच संगणकावर ठेवून पाहण्याची सोय दुसऱ्या यंत्रावर करावी.

कार्ड घेताना प्रसारणाचे मानक सर्वांत आधी पाहावे. अँटेनासाठी डीव्हीबी-टी किंवा टी२, केबलसाठी डीव्हीबी-सी, डिशसाठी डीव्हीबी-एस किंवा एस२, उत्तर अमेरिकेत एटीएससी, जपान आणि ब्राझीलमध्ये आयएसडीबी-टी, असे हे वेगवेगळे संसार आहेत. टी२ कार्डाला सहसा जुने टी प्रसारण घेता येते, मात्र फक्त टीसाठी बनवलेल्या कार्डाला टी२ घेता येत नाही. त्यानंतर कार्डाच्या नावाबरोबरच त्याची हार्डवेअर आवृत्तीही तपासावी, कारण खोक्यावरचे नाव तेच ठेवून आतली चिप बदलण्याची पद्धत या व्यवसायात सर्रास आहे आणि लिनक्सच्या ड्रायव्हरचा संबंध नावाशी नसून चिपशी असतो.

प्रश्न: यूएसबी ट्यूनर (यूएसबीला जोडायचे टीव्ही कार्ड) जोडला की यूएसबी साधनांच्या यादीत दिसतो, पण वाहिन्यांचा शोध घेताना एकही सापडत नाही. विशेष म्हणजे कधी कधी तो आपोआप चालूही लागतो. हे कसे?

उत्तर: यादीत दिसणे म्हणजे साधनाने आपला ओळख क्रमांक सांगितला, एवढेच. ड्रायव्हर खरोखर लागला आहे का, हे पाहण्यासाठी 'डेव्ह' निर्देशिकेखालील 'डीव्हीबी' निर्देशिका उघडावी. तेथे 'अडॅप्टर०' आणि त्याच्या पोटात 'फ्रंटएंड०', 'डीमक्स०' व 'डीव्हीआर०' असायला हवेत. ते नसतील तर ड्रायव्हरच लागलेला नाही. ते असूनही वाहिन्या मिळत नसतील, तर ट्यूनर काढून पुन्हा जोडावा, 'डीमेसग' ही आज्ञा चालवून कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींच्या शेवटच्या ओळी वाचाव्यात आणि शोध सुरू असताना त्या पुन्हा एकदा पाहाव्यात, कारण काही चिप्स फर्मवेअर मागतात ते पहिल्यांदा ट्यून होतानाच.

कधी चालतो, कधी नाही, हे लक्षण फर्मवेअरकडेच बोट दाखवते. अशा अनेक ट्यूनरांत स्वतःचा प्रोग्राम साठवलेला नसतो. प्रत्येक वेळी वीज मिळाल्यावर तो संगणकाने भरावा लागतो. कर्नलच्या नोंदींत अशा साधनाला भरण्यापूर्वी 'कोल्ड' आणि भरल्यानंतर 'वॉर्म' स्थितीत म्हटलेले असते. तुमच्या संगणकावर दुसरीही ऑपरेटिंग सिस्टिम असेल, तर तिने भरलेले फर्मवेअर वीज न तोडता केलेल्या रीस्टार्टमध्ये टिकून राहते आणि त्या दिवशी लिनक्सवरही ट्यूनर चालतो. नोंदीत ज्या फाइलीचे नाव घेऊन ती सापडली नाही असे लिहिले असेल, नेमकी तीच फाइल 'लिब' निर्देशिकेतील 'फर्मवेअर' येथे ठेवावी. अनेकदा वितरणाचे फर्मवेअर पॅकेज बसवल्यावर ती आपोआप मिळते. त्यानंतरची चाचणी मात्र ट्यूनरची वीज पूर्ण तोडूनच घ्यावी. नुसत्या रीस्टार्टवर घेतलेल्या चाचणीवर विसंबू नये.

प्रश्न: मिथटीव्ही, टीव्हीहेडएंड आणि व्हीडीआर यांपैकी काय निवडावे?

उत्तर: तिन्ही मुरलेली सॉफ्टवेअर आहेत. आयझॅक रिचर्ड्स यांनी २००२ मध्ये सुरू केलेला मिथटीव्ही हा सर्वांत विस्तृत आहे. रेकॉर्डिंगचे नियम, कार्यक्रमांचे अग्रक्रम, एकाच वेळी येणाऱ्या दोन कार्यक्रमांपैकी एकाचे पुनःप्रसारण शोधून त्यावर उडी मारणे, हे सारे तो फार समजुतीने करतो. त्याच्या बदल्यात मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा डेटाबेस सांभाळावा लागतो. क्लाउस श्मिडिंगर यांचा व्हीडीआर रिमोट हाती घेऊन एका टीव्हीसमोर बसणाऱ्यासाठी आहे. टीव्हीहेडएंडला डेटाबेस लागत नाही, त्याची सगळी मांडणी ब्राउझरमधून ९९८१ या पोर्टवर होते आणि तो एखाद्या कोपऱ्यात स्क्रीनशिवाय ठेवलेल्या यंत्रावर निमूट चालतो. पहिल्यांदा रेकॉर्डर उभारणाऱ्याला मी टीव्हीहेडएंड आणि पाहण्यासाठी कोडी हा प्लेअर ही जोडी सुचवेन. मालिकांची संख्या वाढून वेळांचे तंटे रोजचे झाले, तर मिथटीव्हीकडे वळावे.

प्रश्न: काही वाहिन्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये चित्राचे चौकोन पडतात आणि आवाज तुटतो, तोही मुख्यतः संध्याकाळी. बाकीच्या वाहिन्या स्वच्छ येतात आणि सिग्नलची पट्टी ८० टक्के दाखवते. डिस्क बदलावी का?

उत्तर: इतक्यात नको. आधी दोष संगणकाच्या अलीकडचा आहे की पलीकडचा, हे ठरवावे. त्यासाठी लागणारे आकडे टीव्हीहेडएंडच्या स्थितीदर्शक पानावर मिळतात. ८० टक्क्यांची पट्टी बाजूला ठेवावी, कारण तिचे मोजमाप प्रत्येक ड्रायव्हर आपल्या पद्धतीने करतो आणि सिग्नल जोरदार असूनही गढूळ असू शकतो. पाहायचे ते सिग्नल आणि गोंगाट यांचे गुणोत्तर, दुरुस्त न होऊ शकलेल्या ब्लॉकची संख्या आणि कंटिन्युइटी दोषांची संख्या. ट्रान्सपोर्ट स्ट्रीममधील प्रत्येक प्रवाहाच्या पॅकेटांवर ० ते १५ असा फिरता क्रमांक असतो. तो मध्येच उडी मारतो तेव्हा पॅकेट हरवले असे समजते आणि कंटिन्युइटी दोष मोजला जातो.

आता बिघडलेली वाहिनी लावून हे आकडे संध्याकाळी पाहावेत. दुरुस्त न झालेले ब्लॉक आणि कंटिन्युइटी दोष दोन्ही बरोबरीने वाढत असतील, तर कार्डाच्या हाती येणारा सिग्नलच खराब आहे आणि संगणकात काहीही बदलून उपयोग नाही. ब्लॉक शून्यावर स्थिर असून कंटिन्युइटी दोष तेवढे वाढत असतील, तर कार्डाने पॅकेट नीट पकडले होते, ते पुढे हरवले. असे असल्यास यूएसबी हब काढून ट्यूनर थेट मदरबोर्डच्या पोर्टला जोडावा आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये रेकॉर्डर चालवत असाल तर एकदा त्याच्याबाहेर चालवून पाहावा. दोन्ही आकडे स्थिर असताना रेकॉर्डिंग तुटत असेल, तेव्हाच डिस्ककडे वळावे.

तुमच्या वर्णनावरून दोष तारेकडचाच वाटतो. तुटणाऱ्या वाहिन्यांची यादी करून त्या सगळ्या एकाच फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे एकाच मल्टिप्लेक्समध्ये आहेत का हे पाहावे. बहुधा तसेच निघेल. ती फ्रिक्वेन्सी यूएचएफ पट्ट्याच्या वरच्या टोकाला असेल, तर शेजारच्या ७०० किंवा ८०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल पट्ट्यांचा त्रास संभवतो. संध्याकाळी मोबाइलची वर्दळ वाढते, हे त्याच्याशी जुळते, आणि अँटेना व अँप्लिफायर यांच्यामध्ये लावलेला, मोबाइलचे सिग्नल अडवणारा एलटीई फिल्टर त्यावर चांगला उपाय आहे. संध्याकाळीच लागणारा एखादा एलईडी दिवा किंवा एखादे चार्जर हेही कारण असू शकते. ती एकेक बंद करून आकडे पाहावेत.

अँप्लिफायर लावण्याची घाई करू नये. दोन वाटांचा स्प्लिटर सुमारे ३.५ डेसिबल खातो, म्हणून तो अनावश्यक असेल तर आधी काढावा, आणि प्रत्येक एफ-कनेक्टर उघडून त्याच्या मधल्या तारेला बाहेरच्या जाळीचा एखादा धागा चिकटलेला नाही ना, हे उजेडात धरून पाहावे. अँप्लिफायर लागणारच असेल, तर तो अँटेनाजवळ बसवावा. लांब तारेतून आलेला सिग्नल संगणकापाशी वाढवला, तर त्याच्यासोबत गोंगाटही वाढतो. प्रक्षेपण मनोरा जवळ असेल तर अँप्लिफायरने ट्यूनर उलट ओसंडून जातो आणि मग नेमके असेच चौकोन दिसतात.

प्रश्न: एका ट्यूनरवर दोन कार्यक्रम एकाच वेळी रेकॉर्ड होतील का? आणि डिस्क किती मोठी घ्यावी?

उत्तर: दोन्ही वाहिन्या एकाच मल्टिप्लेक्समध्ये असतील तर होतील, दोनच काय, चारही होतील, कारण ट्यूनर पूर्ण मल्टिप्लेक्स ओढून घेतो आणि वाहिन्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या होतात. वेगवेगळ्या मल्टिप्लेक्ससाठी वेगवेगळे ट्यूनर हवेत. म्हणून दुसरे कार्ड घेण्यापूर्वी आपल्या आवडत्या वाहिन्या कशा वाटल्या गेल्या आहेत, ते पाहावे.

डिस्कचा हिशेब सोपा आहे. दर सेकंदाला १ मेगाबिट या वेगाच्या प्रवाहाला तासाला ४५० मेगाबाइट लागतात. ४ मेगाबिटची साधी वाहिनी तासाला १.८ गिगाबाइट घेते, १० मेगाबिटची एचडी वाहिनी ४.५ गिगाबाइट, म्हणजे १ टेराबाइटमध्ये अशा एचडी वाहिनीचे सुमारे २२० तास मावतात. वेगाची काळजी नको, चार एचडी रेकॉर्डिंग मिळून सेकंदाला जेमतेम ५ मेगाबाइट होतात. एसएमआर प्रकारच्या, म्हणजे नोंदीचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या, हार्ड डिस्क मात्र टाळाव्यात, कारण अनेक प्रवाह सतत लिहीत आणि पुसत राहिल्यावर त्या मध्येच आपली आवराआवर करण्यासाठी थबकतात. रेकॉर्डिंगसाठी वेगळे पार्टिशन ठेवून त्यावर एक्सएफएस किंवा एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम वापरावी. एक्सएफएस मोठ्या फाइली चटकन पुसते, पण ती नंतर लहान करता येत नाही, हे पार्टिशन आखतानाच लक्षात घ्यावे.

प्रश्न: धावपळीच्या दृश्यांत कडांवर आडव्या रेघांचे दाते दिसतात.

उत्तर: ते इंटरलेस, म्हणजे सम आणि विषम रेघा आळीपाळीने पाठवलेले, चित्र आहे. रेकॉर्डिंगला हात लावू नये, प्लेअरमधील डीइंटरलेसिंग (त्या रेघा जुळवणारी सोय) सुरू करावे.

प्रश्न: यंत्र दिवसरात्र चालू ठेवायचे नाही. कार्यक्रमापुरते स्वतः सुरू व्हावे अशी सोय आहे का? शिवाय कार्यक्रमांची सुरुवात किंवा शेवट कापला जातो, त्याचे काय करावे?

उत्तर: सोय आहे. मदरबोर्डवरील घड्याळाला गजर लावता येतो आणि 'आरटीसीवेक' ही आज्ञा तेच काम करते. घड्याळ वैश्विक वेळेवर ठेवावे. दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने ते स्थानिक वेळेवर नेले, तर यंत्र काही तास आधी किंवा नंतर उठते. बायोसमध्ये गजराने सुरू होण्याची परवानगी द्यावी, पण तेथेच असलेली ठराविक वेळी सुरू होण्याची सोय बंद ठेवावी, अन्यथा ती लिनक्सने लावलेल्या गजरावर कुरघोडी करू शकते. स्लीपमधून उठल्यावर काही ट्यूनरांचे ड्रायव्हर पुन्हा सावरत नाहीत, त्यामुळे रेकॉर्डरसाठी मी पूर्ण शटडाउनच पसंत करतो आणि गजर कार्यक्रमाच्या किमान ५ मिनिटे आधीचा ठेवतो.

कापल्या जाणाऱ्या कडांची कारणे दोन. संगणकाचे घड्याळ चुकीचे असेल, तर क्रोनीसारखी सेवा बसवून ते इंटरनेटवरून जुळवत राहावे. प्रसारकच वेळ पाळत नसेल, तर रेकॉर्डिंगच्या आधी २ आणि नंतर १० मिनिटांची जादा जागा सोडावी. थेट क्रीडास्पर्धांसाठी शेवटी तासभर सोडला तरी तो वाया जाणार नाही. मात्र ही जादा मिनिटे पुढच्या कार्यक्रमावर चढतात आणि तो दुसऱ्या मल्टिप्लेक्सवर असेल तर एकाच ट्यूनरवर दोघांची टक्कर होते. तेव्हा अशा जोड्यांपुरती ती मिनिटे हाताने कमी करावीत.

आणखी एक गोष्ट अशा अधूनमधून झोपणाऱ्या यंत्रासाठी महत्त्वाची आहे. कार्यक्रमपत्रिका प्रसारणाबरोबरच येते, पण ती गोळा करण्यासाठी ट्यूनरला त्या त्या मल्टिप्लेक्सवर काही काळ थांबावे लागते. यंत्र फक्त रेकॉर्डिंगपुरतेच उठत राहिले, तर बाकीच्या वाहिन्यांची पत्रिका शिळी होते आणि मालिकेचे नवे भाग यादीत येतच नाहीत. म्हणून रेकॉर्डिंग असो वा नसो, दिवसातून एकदा पत्रिका गोळा करण्यासाठी वेगळा गजर लावावा आणि टीव्हीहेडएंडमधील पत्रिका-संकलनाची वेळही त्याला जुळवून घ्यावी.