एअर रायफलसाठी पेलेट कसे निवडाल

रायफल चांगली असूनही गट (एकाच नेमावर मारलेल्या भोकांचा पुंजका) पसरत असेल, तर आधी पेलेट, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळ्या, तपासा. १० मीटरच्या ४.५ मिमी रायफलला चपट्या डोक्याचे, साधारण ०.५३ ग्रॅमचे पेलेट लागतात. सुरुवातीला ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिमी डोक्याचा एकेक डबा पुरे. कुठलं माप कुठल्या नळीला मानवेल हे आधी सांगता येत नाही, ते मारूनच कळतं.

रायफल व्हाइसमध्ये (पकडून ठेवणाऱ्या शिकंज्यात) पक्की बसवा, पण नळीला जबडा लावू नका. पेलेट बदलला की पहिले पाच-सहा शॉट हिशेबात धरू नका. नळीत आधीच्या शिशाचा थर असतो. मग दहा-दहा शॉटचे निदान तीन गट, प्रत्येक कोऱ्या कागदावर. तीन शॉटचा सुंदर गट हमखास फसवतो! भोकांच्या बाहेरच्या कडा मोजा: ६-७ मिमी उत्तम, ९ च्या पुढे गेला तर तो डबा सरावाला. गट उभा लांबतोय? मग बहुधा वेग कमीजास्त होतोय. हवेच्या सिलिंडरचा दाब आणि रेग्युलेटर (दर शॉटला सारखा दाब देणारा भाग) बघा.

जमलेल्या डब्याचा बॅच क्रमांक टिपून त्याच बॅचचे डबे घ्या. मागचा पोकळ घेर दबलेले पेलेट बाजूला काढा. आणि नंतर हात धुवाच, शिसं आहे ते.