प्रवेशाची विचारपूस: बारावीचे टक्के, सीईटीचे पर्सेंटाइल आणि दाखल्यांच्या तारखा

प्रश्न : मुलाला बारावी विज्ञानला एकूण 61 टक्के आहेत. भौतिकशास्त्र 41, रसायनशास्त्र 46, गणित 39. सीईटीत 71 पर्सेंटाइल. आम्ही ओबीसी आहोत. इंजिनिअरिंगला बसतो का? एकाने सांगितलं, 45 टक्के लागतात, तो तर पास आहे. — एक पालक, दारव्हा (जि. यवतमाळ)

बसतो, पण काठावर. इंजिनिअरिंगच्या पात्रतेत एकूण टक्केवारी पाहत नाहीत. मराठी-इंग्रजीचे चांगले गुण इथे कामाचे नाहीत. तुमच्या मुलाच्या तीन विषयांची बेरीज 300 पैकी 126, म्हणजे 42 टक्के. खुल्या वर्गाला 45 टक्के, म्हणजे 135 गुण लागतात. महाराष्ट्रातल्या राखीव वर्गाला 40 टक्के, म्हणजे 120 पुरतात. याचा अर्थ नीट लक्षात घ्या : तुमचा मुलगा ओबीसी म्हणूनच पात्र आहे. ओबीसीचा एखादा कागद कमी पडला तर अर्ज खुल्या वर्गात जाईल, आणि तिथे तो अपात्र ठरेल. मग 71 पर्सेंटाइल असून उपयोग नाही.

म्हणून आजच तीन कागद काढून बघा. जातीचा दाखला बहुधा असेल. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राच्या खालच्या ओळीत वैधता वाचा. ती प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या 31 मार्चपर्यंत असली पाहिजे. शिष्यवृत्तीसाठी मागच्या वर्षी काढलेलं प्रमाणपत्र बहुतेक वेळा यंदाच्या 31 मार्चलाच संपलेलं असतं, आणि ते थेट अर्ज तपासणीत उघडकीला येतं. पेरणीच्या दिवसांत सेतू केंद्रावर रांग असते आणि पुढे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीला वेळ लागतो. निकालाची वाट पाहू नका.

तिसरा कागद जात वैधता प्रमाणपत्र, आणि खरी अडचण इथेच येते. अर्ज केल्याची पावती जोडून प्रवेशाचा अर्ज भरता येतो, पण वेळापत्रकातल्या तारखेपर्यंत मूळ प्रमाणपत्र द्यावंच लागतं. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. अनुसूचित जातींसाठी ही तारीख 10 ऑगस्ट 1950, तर विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961. आजोबा किंवा पणजोबा ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मागा. शाळेत कोणी गेलंच नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधा. वडील, सख्खा काका किंवा आत्याकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर ते वंशावळीच्या शपथपत्रासह जोडा, काम बरंच हलकं होतं. अर्ज अडतो तो बहुतेक नावांवरून : रजिस्टरमध्ये 'गणपत', सातबाऱ्यावर 'गणपतराव', मुलाच्या टीसीवर आडनावच वेगळं. हा फरक शपथपत्रात आधीच लिहून द्या; जात पडताळणी समितीने त्रुटी काढण्याची वाट पाहिली तर महिने जातात.

प्रश्न : मी मेहकर तालुक्यातला. अकरावी-बारावी लातूरला केली. अमरावती विद्यापीठातल्या कॉलेजात मला 'घरचा' धरतील ना? — एक विद्यार्थी (जि. बुलढाणा)

नाही. गृहविद्यापीठ, म्हणजे ज्या विद्यापीठात तुम्हाला 'घरचा' धरतात ते, गावावरून ठरत नाही. बारावी ज्या कनिष्ठ महाविद्यालयातून पास झाली ते कुठे आहे, त्यावरून ठरतं. लातूर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात येतं, त्यामुळे अमरावती विद्यापीठाच्या (अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम) संलग्न कॉलेजांत तुम्ही बाहेरचे. तिथल्या महाराष्ट्रातल्या उमेदवारांच्या जागांपैकी 70 टक्के गृहविद्यापीठाच्या मुलांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना, त्या 30 मध्ये तुमचा नंबर लागेल. राज्यस्तरावर भरल्या जाणाऱ्या जागांना ही विभागणी नसते. शासकीय स्वायत्त महाविद्यालयांच्या जागा तशा असतात, त्या यादीत वर ठेवा.

यंदा दहावी झालेल्या मुलांच्या पालकांनी हे आताच वाचावं. क्लास लातूरला आणि बारावीचा फॉर्म गावाकडच्या कॉलेजातून, अशी सोय पुष्कळ ठिकाणी चालते. गृहविद्यापीठासाठी धरलं जातं ते फॉर्मवरचं कॉलेज. ते नेमकं कोणत्या जिल्ह्यातलं, हे फी भरण्याआधी विचारा.

प्रश्न : मुलीला 82 पर्सेंटाइल आहेत. सायबर कॅफेवाला म्हणतो, जवळचं कॉलेज पहिलं टाका म्हणजे जागा पक्की. कटऑफच्या यादीतली अक्षरंही कळत नाहीत. — एक वडील, देवळी (जि. वर्धा)

कॅफेवाल्याचं हे ऐकू नका. एवढ्या एका सल्ल्यापायी दरवर्षी चांगल्या मुलांची जागा जाते. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं. नाकारलं तर पुढच्या फेऱ्यांतून मूल बाहेर. 2025 च्या प्रवेशात दुसऱ्या फेरीला हाच नियम पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या फेरीला पहिल्या सहांना होता. जवळचं, सहज मिळणारं कॉलेज पहिलं टाकलं की ते पहिल्याच फेरीत लागतं आणि दार बंद होतं. वरचं कॉलेज पहिलं टाकल्याने खालच्याची संधी कमी होत नाही. यंत्रणा मुलीची यादी वरून खाली वाचते आणि गुणवत्ता क्रमांकाने जे पहिलं बसतं ते देते. म्हणून क्रम मनातल्या पसंतीचा लावा. आधी मागच्या वर्षी 88-90 ला बंद झालेली चार-सहा कॉलेजं, मग 80 च्या आसपासची भरपूर, आणि शेवटी 60-65 ला मिळालेली दोन-तीन. एका फॉर्ममध्ये 300 पर्यंत पर्याय भरता येतात, पाचावर थांबू नका. मात्र जिथे मुलगी खरोखर राहून शिकणार नाही, ते कॉलेज टाकूच नका.

आता अक्षरं. 'जीओपनएच' असं लिहिलेलं असतं, ते तीन तुकड्यांत वाचा. पहिलं 'जी' सर्वसाधारण, 'एल' महिलांच्या जागा. मधला तुकडा प्रवर्ग : ओपन, ओबीसी, एससी, एसटी वगैरे. शेवटी 'एच' गृहविद्यापीठ, 'ओ' बाहेरचं विद्यापीठ, 'एस' राज्यस्तर. देवळीहून बारावी झालेल्या खुल्या वर्गातल्या मुलीने नागपूर विद्यापीठातल्या कॉलेजासाठी 'जीओपनएच' आणि 'एलओपनएच' हे दोन्ही रकाने पाहावेत. रकान्यातला पहिला आकडा गुणवत्ता क्रमांक, कंसातला पर्सेंटाइल.

82 पर्सेंटाइल म्हणजे 82 टक्के गुण नव्हेत. तिच्या सत्रात समजा 10,000 मुलं बसली, तर 8,200 जणांचे गुण तिच्याइतके किंवा कमी आहेत, एवढाच अर्थ. 200 पैकी गुण याहून बरेच कमी असू शकतात, त्याने घाबरू नका. मागच्या वर्षीशी तुलना पर्सेंटाइलवरून करा, पण यंदाची गुणवत्ता यादी लागली की क्रमांकावरूनही एकदा ताडून पाहा; उमेदवारांची संख्या बदलली की त्याच पर्सेंटाइलला क्रमांक वेगळा येतो.

आणि नोंदणीत मोबाईल नंबर घरचाच द्या. कॅफेवाल्याचा नंबर असला तर ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि त्रुटीचा संदेशही.

प्रश्न : बारावी विज्ञानला 52 टक्के, सीईटी दिली नाही. गोंडवाना विद्यापीठात बीएस्सी मिळेल का? — एक विद्यार्थिनी, आरमोरी (जि. गडचिरोली)

हो. बीए, बीकॉम, बीएस्सीला सीईटी लागत नाही, कॉलेज बारावीच्या गुणांवर यादी लावतं. बीएस्सीला बारावी विज्ञान हवं, ते तुमच्याकडे आहे. गणिताचा गट घ्यायचा असेल तर बारावीला गणित होतं का ते बघा. बीसीए-बीबीएचं मात्र वेगळं : 2024-25 पासून एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता असलेल्या या अभ्यासक्रमांना सीईटी आहे.

प्रश्न : मुलीच्या इंजिनिअरिंगची फी माफ होते हे खरं का? — एक आई, तुमसर (जि. भंडारा)

2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. वसतिगृह आणि खाणावळ यात नाही. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज दरवर्षी भरावा लागतो, दुसऱ्या वर्षी विसरू नका.