आजोबांच्या सलूनमधले जुने वस्तरे विकायचेत, किंमत कशी ठरवू?

तुम्ही लिहिलंय की आजोबांचं सलून होतं, त्यांच्या पेटीत चार वस्तरे निघाले, दोनांवर सोलिंगेन (जर्मनीतलं वस्तऱ्यांचं गाव), एकावर शेफील्ड (इंग्लंडमधलं तसंच शहर), चौथ्याची मूठ पांढरी, आणि भंगारवाला चारांचे मिळून दोनशे देतोय. भंगारवाल्याला तर देऊच नका, पण लाखभर येतील असं कुणी डोक्यात भरवलं असेल तर तेही काढून टाका. मी स्वतः वस्तऱ्यानेच दाढी करतो, जुने घेतो, धार लावतो, नको असलेले विकतो, त्या हिशेबाने सांगतोय.

आधी ती पांढरी मूठ बघा, कारण हस्तिदंती निघाली तर विकायचा विषयच संपला. वन्यजीव कायदा १९७२ चा, भारतीय हस्तिदंताच्या धंद्यावर बंदी १९८६ ला आली आणि आफ्रिकेतून आलेल्यावर १९९१ च्या दुरुस्तीने, त्यामुळे "आमच्याकडे पिढीजात आहे हो" हे चालत नाही. ईबेवरही २००९ पासून बंद. पण बहुतेक पांढऱ्या मुठी हाडाच्या नाहीतर सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्याच असतात. भिंगातून हाडावर बारीक काळपट ठिपके दिसतात, आणि सेल्युलॉइड अंगठ्याने जोरात घासून गरम केलं की कापराचा वास येतो. यातलं काहीच जमत नसेल तर जाणकाराला दाखवेपर्यंत ती विकायला काढू नका. तापलेली सुई टोचून बघा म्हणणारे भेटतील, अजिबात नको, सेल्युलॉइड भसकन पेटतं. आणि त्याला तडे जाऊन आंबूस वास यायला लागला असेल तर तो वस्तरा बाकीच्यांपासून लांब ठेवा, त्यातून निघणाऱ्या वाफांनी शेजारचं पातंसुद्धा गंजतं.

दुसरं म्हणजे चकाचक करायला जाऊ नका प्लीज. पॉलिश पेपर मारला की जुनी झळाळी आणि कोरलेलं नाव दोन्ही जातं, आणि बफिंगच्या चाकावर धरलं तर पातळ धार क्षणात तापून निळी पडते, म्हणजे पोलादाचं पाणी, त्याचा कडकपणा उतरला, मग तो वस्तरा शोभेचाच. कोरड्या फडक्याने पुसा, शिलाई मशीनचं तेल लावा, बास.

आता किंमत. लोक आधी वय विचारतात, पण घेणारा आधी धार बघतो. धारेला खड्डा, बारीक चीर किंवा अगदी काठावर गंजाची टोचणी असेल तर किंमत कोसळते, पाठीवर डाग असले तर तेवढं चालतं. आजोबांचं सलून होतं म्हणता, म्हणजे वर्षानुवर्षं पथरीवर घासून पाती झिजलेली असायची शक्यता जास्त. पात्याची पाठ बघा, तिथे रुंद सपाट पट्टा पडला असेल आणि पातं टोकाकडे निमुळतं झालं असेल तर जुने वस्तरे जमवणारा फारसा हात लावत नाही. रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात, पाच-अष्टमांश नेहमीचं, पूर्ण इंचाच्या जवळ जाणारं जड पातं निघालं तर तुमची चंगळ, शेफील्डच्या वेड अँड बुचर कंपनीची तसली पाती चांगल्या अवस्थेत शंभर डॉलरच्या वर सहज जातात. झिजलेल्या साध्या सोलिंगेनला माझ्या अंदाजाने बाहेर २० ते ४० डॉलर, आपल्याकडे हजार-दीड हजार.

वय काढायचं तर खिळ्याजवळचा शिक्का वाचा. मुकुट आणि व्ही आर असेल तर राणी व्हिक्टोरियाचा काळ, १८३७ ते १९०१. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ नंतरचा. नुसतं 'शेफील्ड' आणि पुढे 'इंग्लंड' नाही म्हणजे १८९० च्या आधीचा, असं सगळीकडे वाचाल, पण मालावर देशाचं नाव टाकायचा तो नियम अमेरिकेच्या मॅकिन्ली टॅरिफ या आयातीवरच्या जकातीच्या कायद्यामुळे आला, म्हणजे अमेरिकेला जाणाऱ्या मालासाठी, आपल्याकडे उतरलेल्या मालाला तो डोळे झाकून लावू नका.

पेटीत पथरी आणि चामोटं (धार परजायचा चामड्याचा पट्टा) आहे का हो? कुणी विचारत नाही, पण पथरीची एक बाजू पिवळसर आणि दुसरी निळसर-करडी असेल तर ती बेल्जियमची कोटिक्यूल नावाची पथरी असू शकते आणि मग ती एकटीच चारही वस्तऱ्यांपेक्षा जास्त देऊन जाईल. ती वेगळी विका.

कुठे विकायचं? पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, तिथे लगेच पैसे मिळतात पण पडेल भावात, कारण त्यालाही पुढे विकायचंय. भाव बघायला ईबेवर जाऊन 'सोल्ड' फिल्टर लावा, म्हणजे खरोखर विकल्या गेलेल्या वस्तूंचेच भाव दिसतील, लोकांनी मागितलेल्या किंमती बघून काही कळत नाही, मागायला काय जातं. चांगला नग असेल तर वस्तऱ्याने दाढी करणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये थेट विका, तिथे माणसाला कळतं आपण काय घेतोय. परदेशी पाठवायचा विचार असेल तर शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला १९७२ चा पुरावशेष कायदा आडवा येऊ शकतो, शंभरीच्या आसपासचा वाटला तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारा.

तुमच्या शेफील्डवाल्याचे फोटो टाका, शिक्क्याचा जवळून एक, पाठीचा एक, आणि धारेवर तिरका उजेड पाडून एक, मग आकडा सांगतो. आणि उघडताना बोटं सांभाळा, जुनी असली तरी कापतात.