युद्धस्मारक, हुतात्मा स्मारक की आणखी काही?

प्रश्न असा आलाय: कागल तालुक्यातल्या एका गावात, मुख्य चौकात, सीमेवर कामी आलेल्या गावच्या जवानांचं स्मारक होतंय. पाटीवर 'युद्धस्मारक' घालावं, 'हुतात्मा स्मारक' की 'शहीद स्मारक'?

'हुतात्मा' म्हणजे ज्यानं स्वतःचीच आहुती दिली तो. सावरकरांनी रुळवलेला शब्द. पण कोल्हापूरकराच्या कानाला तो स्वातंत्र्यलढ्याचाच लागतो. आमचा बिंदू चौक भूमितीतल्या बिंदूवरून नव्हे (लहानपणी मला तसंच वाटायचं), 1942च्या चळवळीत गेलेल्या बिंदू नारायण कुलकर्णींवरून. मुंबईचा हुतात्मा चौक संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा. जवानाला हा शब्द लावला तर चूक नाही, पण वाचणारा आधी बेचाळीस साल आठवेल. 'शहीद' अरबी, 'साक्ष-शाहिदी'तल्या 'शाहिदी'चं सख्खं भावंड. पेपरात रोज येतो, चालतो.

'युद्धस्मारक'चा मात्र समास सोडवून बघा: युद्धाचं स्मारक. दिल्लीतल्या 'नॅशनल वॉर मेमोरियल'ला मराठीत तेच म्हणत असल्यानं शब्द रुळलाय, पण लढाईची आठवण म्हणून आपल्याकडे जयस्तंभ असायचा. पडलेल्या माणसासाठी वीरगळ. वीर अधिक कन्नड 'कल्लु', म्हणजे दगड. करवीर तालुक्यातल्या बीड गावात कितीतरी आहेत. खालच्या चौकटीत झुंज, कधी पायाशी गाई कोरलेल्या, म्हणजे गुरं सोडवताना गेला. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन निघाल्यात, त्याच्याही वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय आणि माथ्यावर चंद्रसूर्य. नाव बहुतेकदा नसतंच. गावानं शेंदूर फासून त्याचा देव करून टाकलेला असतो. कुणी 'तो वीरगळ' म्हणतं, कुणी 'ती', दोन्ही बरोबर.

आता पाटीवर 'वीरगळ' लिहा असं मी सुचवणार नाही, सरपंच मलाच शोधत येतील. 'वीर जवान स्मारक' लिहा. खाली नावांच्या आधी 'धारातीर्थी पडलेले'. धार तलवारीची, आणि तेच तीर्थ. गोळी लागून गेलेल्यालाही हा शब्द शोभतो, बिनधास्त वापरा.

एवढं करून 'हुतात्मा'च ठरला, तर 'हुतात्म्यांना' लिहा, 'हुतात्मांना' नको. कोरणाऱ्याला कागदावर लिहूनच द्या. फ्लेक्स बदलता येतो, ग्रॅनाइट नाही.