पिशवी काढली म्हणून फॅटी लिव्हर जात नाही

तुमच्या आईंच्या सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत ९ मिमीचा खडा आणि सोबत ग्रेड १ फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये थोडी चरबी साचलेली, निघालंय. दुखत काहीच नाही, पण पिशवी काढून टाका म्हणजे लिव्हरही सुधारेल असं घरचे म्हणतायत, आणि तोवर वजन उतरावं म्हणून आईंनी नुसत्या ताकावर राहायला सुरुवात केलीय. ते ताकाचं आधी थांबवा.

पित्त तयार होतं लिव्हरमध्ये, पिशवीत ते फक्त साठतं. पोटाचा घेर वाढून इन्शुलिन नीट काम करेनासं झालं की लिव्हरमध्ये चरबी साचते, आणि तेच लिव्हर पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडू लागतं. त्यात पिशवी सुस्त पडली की त्या कोलेस्टेरॉलचा हळूहळू खडा धरतो. म्हणजे खड्यामुळे लिव्हर बिघडलं असं नाही, दोन्हींचं मूळ बहुतेकदा एकच असतं. माझी पिशवी दुर्बिणीतून काढली ती कळांमुळे. तेलकट जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ निघायची ती पार खांद्यापर्यंत. ऑपरेशननंतर कळा गेल्या, फॅटी लिव्हर मात्र पुढच्या सोनोग्राफीतही होतं.

त्रास न देणारा खडा बहुतेक जणांत आयुष्यभर गप्प राहतो, म्हणून सर्जन सहसा वाट बघायला सांगतात. खडा ३ सेंटीमीटरहून मोठा असेल किंवा पिशवीत मोठा पॉलिप (आतल्या अस्तरावरची गाठ) असेल तर गोष्ट वेगळी.

आता उपाशी राहण्याबद्दल. वजन झपाट्यानं उतरलं की पित्तात कोलेस्टेरॉल आणखी वाढतं, आणि पोटात अन्नच नसल्यानं पिशवी आकसून रिकामी होत नाही. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन उतरवणाऱ्यांत नवे खडे होतात ते यामुळेच. अर्धा किलो पुरे. आईंचं वजन ७० असेल तर साडेतीन किलो कमी झाले तरी लिव्हरची चरबी घटायला लागते. लिव्हरची सूज उतरायला मात्र ७ ते १० टक्के वजन कमी व्हावं लागतं.

ज्वारीची भाकरी आपल्या सोलापुरात घरोघरी आहेच, ती सोडू नका, फक्त किती खायची ते ठरवा. शेंगाचटणीही खाऊ द्या, पण तेल ओतून नको, दह्यात कालवून. कमी करायचा तो दिवसभराचा साखरेचा चहा, भजी आणि रश्श्यावरची तर्री. रोज अर्धा तास भरभर चालणं हवंच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यासाठी पहाटेच बाहेर पडावं लागेल.

कुळथाचं कढण कुणीतरी सुचवेलच. ते मुतखड्यासाठी सांगतात. पित्ताच्या पिशवीचा लघवीच्या मार्गाशी संबंध नाही, तो खडा तिकडून बाहेर पडूच शकत नाही.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा साखर, लिपिड (रक्तातली चरबी), लिव्हरचे आकडे एसजीओटी, एसजीपीटी आणि रक्तातल्या प्लेटलेट यांबद्दल विचारा. वय आणि शेवटच्या तीन आकड्यांवरून ते फिब-४ काढतात, त्यातून लिव्हर कडक होत चाललंय का याचा अंदाज येतो. एसजीपीटी नॉर्मल आलं तरी निर्धास्त होऊ नका, फॅटी लिव्हरमध्ये ते बऱ्याचदा नॉर्मलच येतं.

आणि कधी कळ तासन्‌तास थांबलीच नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर सकाळची वाट बघू नका. खडा पित्ताच्या नळीत अडकलेला असू शकतो. त्याच रात्री त्यांना दवाखान्यात न्या.